एसक्यूएलमध्ये तारखांची तुलना: एरर का येतो आणि तो कसा काढायचा

एसक्यूएल शिकताना बहुतेकांना पहिली ठेच लागते ती तारखेपाशी. नावं शोधता येतात, आकड्यांची बेरीज जमते, आणि मग "१५ जानेवारीनंतर आलेले अर्ज दाखव" एवढं साधं काम सांगितलं की डेटाबेस लाल अक्षरांत काहीतरी ओरडतो. आमच्या टीममध्ये नवीन येणाऱ्या मुलामुलींकडून मला सगळ्यात जास्त स्क्रीनशॉट येतात ते याच प्रकारचे. म्हणून सगळं एकदा नीट, एका जागी लिहून ठेवतोय.

आधी एक सूचना. या लेखातल्या क्वेरी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना मात्र सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू राहिला तर आकडेही देवनागरी पडू शकतात, आणि तसे आकडे डेटाबेसला तारीख म्हणून कळत नाहीत.

उदाहरणासाठी एक टेबल धरू. नाव अर्ज, आणि त्यात तीन कॉलम: आयडी, नाव, दिनांक. समजा, कॉलेजातल्या स्कॉलरशिपचे अर्ज आहेत.

कोट्स नसले की तारीख वजाबाकी होते

सगळ्यात जास्त दिसणारी क्वेरी ही:

सिलेक्ट * फ्रॉम अर्ज व्हेअर दिनांक > २०२४-०१-१५;

तुम्हाला-मला यात तारीख दिसते. डेटाबेसला दिसतात तीन आकडे आणि मधे दोन वजाबाकीची चिन्हं. तो शांतपणे २०२४ मधून १ वजा करतो, मग १५ वजा करतो, आणि उत्तर काढतो २००८. आता त्याच्यापुढे प्रश्न उरतो, "दिनांक २००८ पेक्षा मोठा आहे का?"

यापुढे प्रत्येक डेटाबेस आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतो. पोस्टग्रेस सरळ सांगतो की तारीख आणि पूर्णांक यांची तुलना करणारं चिन्हच माझ्याकडे नाही. हा एरर आला तर नशीब समजा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम डेट प्रकारचा असेल तर तोही नकार देतो, पण जुना डेटटाइम प्रकार असेल तर तो २००८ म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस असं धरतो. हिशेब केला तर ती तारीख येते २ जुलै १९०५. साहजिकच तुमचे सगळेच्या सगळे अर्ज "नंतरचे" ठरतात. एसक्यूएलाइटही चूं न करता सगळ्या ओळी देऊन मोकळा होतो.

तिरक्या रेघांनी लिहिलं, म्हणजे १५/०१/२०२४, तर तो भागाकार होतो. पूर्णांकांच्या भागाकारात उत्तर शून्य.

उपाय एकच, तारीख सिंगल कोट्समध्ये लिहायची:

सिलेक्ट * फ्रॉम अर्ज व्हेअर दिनांक > '२०२४-०१-१५';

सिंगलच का, डबल का नाही? कारण एसक्यूएलच्या नियमानुसार डबल कोट्स हे नावांसाठी असतात, म्हणजे टेबलचं किंवा कॉलमचं नाव. पोस्टग्रेसमध्ये तारीख डबल कोट्समध्ये दिली की तो म्हणतो, या नावाचा कॉलम अस्तित्वात नाही. वाचणारा गोंधळतो, "अरे, मी कॉलम कुठे विचारला?" मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगमध्ये डबल कोट्स चालवून घेतो, एसक्यूएलाइटही त्या नावाचा कॉलम सापडला नाही तर त्याला मजकूर मानून घेतो. त्यामुळे सवय बिघडते आणि पुढे नोकरीत पोस्टग्रेस किंवा ओरॅकल समोर आला की तीच क्वेरी पडते. बॅकटिक, म्हणजे एस्केपखालच्या बटणावरचं ते उलटं चिन्ह, तेही मायएसक्यूएलमध्ये नावांसाठीच आहे, तारखेसाठी नाही.

आता खास मोबाइलवाल्यांची अडचण. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर क्वेरी पाठवली, तुम्ही कॉपी करून चिकटवली, डोळ्यांना सगळं बरोबर दिसतंय, तरी एरर. अशा वेळी कोट्सकडे झूम करून बघा. वाकडे, नक्षीदार कोट्स आणि सरळ उभे कोट्स ही कंप्युटरसाठी पूर्ण वेगळी अक्षरं आहेत. आयफोनमध्ये स्मार्ट पंक्च्युएशन नावाचं सेटिंग सरळ कोट्सचे वाकडे करून टाकतं, वर्ड आणि गूगल डॉक्सही करतात. वाकडा कोट डेटाबेसला कोट वाटतच नाही, तो त्याला नावातलं एक अक्षर समजतो. म्हणून कधी सिंटॅक्स एरर येतो, तर कधी "असा कॉलम सापडला नाही" असा निरोप येतो आणि त्या कॉलमच्या नावाच्या सुरुवातीला तो वाकडा कोट लटकलेला दिसतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड इथे जाऊन हे बंद करता येतं. नाहीतर कोट्स खोडून हाताने पुन्हा टाका, तेवढ्यानेही काम होतं.

वाक्यच चुकलं असेल तर

खरा सिंटॅक्स एरर म्हणजे डेटाबेसला तुमचं वाक्यच कळलं नाही. तारखांच्या बाबतीत ही वाक्यं ठरलेली आहेत. मी बघितलेल्यांपैकी बहुतेक या तीन-चार प्रकारांतच बसतात.

पहिला प्रकार आपल्या बोलण्याच्या सवयीतून येतो. आपण म्हणतो, "दिनांक १ तारखेपेक्षा मोठा आणि ३१ पेक्षा लहान." दुसऱ्यांदा "दिनांक" म्हणायची गरज आपल्याला वाटत नाही. तसंच लिहिलं जातं:

व्हेअर दिनांक > '२०२४-०१-०१' अँड < '२०२४-०१-३१'

डेटाबेस अँडपाशी येतो, पुढे कॉलमची वाट बघतो आणि त्याला एकदम लहान-चिन्ह दिसतं. संपलं. अँडच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य हवं, म्हणून कॉलमचं नाव दोनदा लिहायचं:

व्हेअर दिनांक > '२०२४-०१-०१' अँड दिनांक < '२०२४-०१-३१'

दुसरा प्रकार गणिताच्या वहीतून येतो. तिथे आपण मधे क्ष ठेवून दोन्ही बाजूंना चिन्हं लिहितो. तसंच इथे:

व्हेअर '२०२४-०१-०१' <= दिनांक <= '२०२४-०१-३१'

पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर यावर एरर देतात. मायएसक्यूएल आणि एसक्यूएलाइट देत नाहीत, आणि तिथेच घोळ आहे. ते आधी पहिली तुलना करतात, तिचं उत्तर येतं १ किंवा ० (खरं किंवा खोटं), आणि मग तो १ किंवा ० दुसऱ्या तारखेशी ताडून बघतात. ही दुसरी तुलना नेहमीच खरी ठरते. म्हणजे तुम्ही जानेवारीचे अर्ज मागितलेत आणि ज्यांच्यात तारीख भरलेली आहे ते झाडून सगळे मिळाले.

तिसरं, चिन्हांची अदलाबदल. मोठं किंवा बरोबर यासाठी आधी मोठं-चिन्ह आणि मग बरोबर: >= . उलटं लिहिलेलं => चालत नाही. जावास्क्रिप्ट किंवा पायथनमधून आलेली मंडळी बरोबरसाठी दोन चिन्हं लिहितात, ==. एसक्यूएलाइट ते चालवतो, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस नाही. एकच = लिहायची सवय लावा, ते सगळीकडे चालतं.

चौथं, बिटवीन. त्याच्या मधे स्वल्पविराम नाही, अँड लागतो. आणि लहान तारीख आधी, मोठी नंतर. उलट क्रमाने दिलं तर एरर येत नाही, फक्त एकही ओळ येत नाही, आणि माणूस तासभर टेबल रिकामं का झालं हे शोधत बसतो.

याशिवाय राखीव शब्दांचा त्रास आहे. रजेच्या अर्जांचं टेबल करताना दोन कॉलमना फ्रॉम आणि टू अशी नावं द्यायचा मोह कुणालाही होतो. पण फ्रॉम हा एसक्यूएलचा स्वतःचा शब्द आहे, त्यामुळे तुलना लिहिताच वाक्य मोडतं. ऑर्डर नावाच्या टेबलचंही तेच. ओरॅकलमध्ये तर डेट हे कॉलमचं नावही चालत नाही. नाव बदलणं हाच शहाणपणाचा मार्ग: फ्रॉम_डेट, टू_डेट.

एरर कसा वाचायचा

मायएसक्यूएलचा १०६४ क्रमांकाचा एरर सगळ्यांना पाठ असतो, पण तो पूर्ण वाचणारे थोडे. त्याच्या शेवटी "नियर" असा शब्द येतो आणि पुढे कोट्समध्ये तुमच्याच क्वेरीचा एक तुकडा. चूक बहुधा त्या तुकड्याच्या अगदी सुरुवातीला किंवा त्याच्या लगेच आधी असते. वरच्या पहिल्या उदाहरणात नियरनंतर लहान-चिन्हापासूनचा भाग दिसेल, म्हणजे अँड आणि लहान-चिन्ह यांच्यामधे काहीतरी राहिलंय.

नियरनंतर नुसते रिकामे कोट्स दिसले, तर अर्थ असा की वाक्य अर्धवट संपलं. अ‍ॅपमधून क्वेरी जात असेल तर हे फार होतं. युजरने तारीख निवडलीच नाही, व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि क्वेरी गेली "व्हेअर दिनांक >" एवढीच. इथे एसक्यूएल दुरुस्त करण्यात अर्थ नाही, तारीख रिकामी का आली ते बघायचं.

टर्मिनलमध्ये मायएसक्यूएल चालवताना एंटर मारल्यावर काहीच होत नसेल आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक एकटा कोट आणि बाण दिसत असेल, तर कुठेतरी कोट बंद करायचा राहिलाय. डेटाबेस अजून तुमची तारीख संपण्याची वाट बघतोय.

लांबलचक क्वेरीत चूक सापडत नसेल तर मी सरळ कापाकापी करतो. सगळ्या अटी काढून टाकायच्या, फक्त सिलेक्ट आणि फ्रॉम ठेवायचं. चाललं? मग एक अट परत जोडायची. जिथे मोडलं तिथे दोष. फोनच्या छोट्या स्क्रीनवर तर दुसरा उपायच नाही.

३ एप्रिल की ४ मार्च?

वाक्य बरोबर, कोट्स बरोबर, तरी अडतं, तेव्हा कारण तारीख लिहायची पद्धत असतं. आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो. अमेरिकेत महिना आधी. आणि डेटाबेस बनवणाऱ्या बऱ्याच मोठ्या कंपन्या अमेरिकेतल्या, त्यामुळे नेहमीचं सेटिंग बहुतेक वेळा त्यांच्या सवयीचं असतं.

पोस्टग्रेसला '१५/०१/२०२४' दिलं तर नेहमीच्या सेटिंगमध्ये तो १५ वा महिना शोधतो, सापडत नाही, एरर देतो. एसक्यूएल सर्व्हर अमेरिकन इंग्रजीवर असेल तर तोही मजकुराची तारीख करताना आकडा मर्यादेबाहेर गेला अशी तक्रार करतो. इथपर्यंत ठीक. पण '०३/०४/२०२४' दिलं तर? काहीच तक्रार नाही. तुम्ही ३ एप्रिल म्हणालात, त्याने ४ मार्च घेतलं. म्हणजे महिन्याच्या १३ तारखेपासून पुढे एरर येतो आणि १ ते १२ या तारखांना गुपचूप चुकीचं उत्तर येतं. "सर, कधी चालतं, कधी नाही" अशी तक्रार कानावर आली की मी आधी हेच तपासतो.

यावर सगळ्यात सुरक्षित लिखाण म्हणजे वर्ष-महिना-दिवस, वर्ष चार आकडी, महिना आणि दिवस दोन आकडी: '२०२४-०४-०३'. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात हीच पद्धत आहे, ते मानक १९८८ मध्ये पहिल्यांदा निघालं. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएलाइट, तिघेही ती नीट समजतात.

दोन अपवाद लक्षात ठेवा. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम प्रकारात, भाषेचं सेटिंग दिवस-आधी असं असेल तर रेघा घातलेली आयएसओ तारीखही उलटी वाचली जाते. तिथे रेघा काढून सलग लिहायचं: '२०२४०४०३'. दुसरा ओरॅकल. तो नुसत्या मजकुराची तारीख करताना सेशनच्या सेटिंगवर चालतो, आणि ते बहुतेक वेळा दिवस, महिन्याची इंग्रजी तीन अक्षरं, दोन आकडी वर्ष असं असतं. म्हणून आयएसओ तारीख दिली की ओआरए-०१८६१ हा प्रसिद्ध एरर येतो. तिथे तारखेच्या आधी डेट हा शब्द लावायचा:

व्हेअर दिनांक >= डेट '२०२४-०४-०३'

हे पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्येही चालतं. एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूएलाइटमध्ये नाही.

तारीख आपल्या पद्धतीनेच येत असेल, समजा एक्सेलमधून, तर ती कशी वाचायची ते डेटाबेसला स्वतः सांगा. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये टू_डेट, मायएसक्यूएलमध्ये एसटीआर_टू_डेट. दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये साचा द्यायचा असतो. मायएसक्यूएलच्या साच्यात डी आणि एम स्मॉल, पण चार आकडी वर्षासाठी वाय कॅपिटल. स्मॉल वाय म्हणजे दोन आकडी वर्ष. ओरॅकलमध्ये वेळही असेल तर मिनिटांसाठी एमआय लिहायचं. एमएम हा महिना आहे, तो दोनदा आला तर वेगळाच एरर.

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस अजून काही कॉलेजांच्या लॅबमध्ये दिसतं. तिथे तारखेला कोट्स नाहीत, दोन्ही बाजूंना हॅशचं चिन्ह लागतं.

एरर नाही, पण ३१ तारीख गायब

आता त्या चुकीबद्दल जिच्यात सिंटॅक्स अगदी शुद्ध असतो. माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

डिलिव्हरीचं काम करणाऱ्या एका कंपनीत (नाव कशाला) डिसेंबरचा इन्सेंटिव्ह काढायला अशी क्वेरी होती:

व्हेअर दिनांक बिटवीन '२०२३-१२-०१' अँड '२०२३-१२-३१'

वाचायला काय वाईट आहे? बिटवीन दोन्ही टोकं धरतं, १ तारीख आली, ३१ तारीख आली. पण त्या कॉलममध्ये नुसती तारीख नव्हती, वेळही होती. आणि वेळ असलेल्या कॉलमशी तुलना करताना '२०२३-१२-३१' याचा अर्थ होतो ३१ डिसेंबर, रात्रीचे बारा वाजून शून्य मिनिटं. म्हणजे दिवस सुरू होतो तो क्षण. त्या क्षणानंतरची प्रत्येक डिलिव्हरी, सकाळची, दुपारची आणि थर्टीफर्स्टच्या रात्रीची, हिशेबाबाहेर. वर्षातली सगळ्यात धावपळीची रात्र आणि नेमकी तिचीच कमाई शून्य. मुलं फोनमधले स्क्रीनशॉट दाखवत होती, आणि ऑफिसातला माणूस रिपोर्ट दाखवत होता. रिपोर्टमध्ये एरर नव्हता ना, मग रिपोर्ट बरोबर, असं त्याचं म्हणणं. दर महिन्याला शेवटचा दिवस असाच गळत होता, डिसेंबरमध्ये तो डोळ्यांवर आला एवढंच.

स्कॉलरशिपच्या अर्जांना हेच लावून बघा. "शेवटची तारीख ३१ मार्च" म्हणून ३१ ला सकाळी नेट कॅफेत रांग लावून अर्ज भरणारी मुलगी यादीत दिसणारच नाही.

बरोबर पद्धत अशी. सुरुवात धरायची, आणि शेवट म्हणून पुढच्या महिन्याची पहिली तारीख द्यायची, पण ती न धरता:

व्हेअर दिनांक >= '२०२३-१२-०१' अँड दिनांक < '२०२४-०१-०१'

यात महिना २८ चा, ३० चा की ३१ चा, हे आठवायची गरज नाही. '२०२३-०२-२९' अशी नसलेली तारीख लिहून एरर ओढवून घ्यायचा प्रश्नही मिटतो.

काही जण शेवटच्या तारखेला २३:५९:५९ जोडतात. बहुतेक वेळा भागतं, पण सेकंदाचा अपूर्णांक साठवणाऱ्या कॉलममध्ये शेवटच्या सेकंदातली नोंद निसटते. मग कुणी .९९९ लावतं. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम प्रकार ते त्याला साठवता येणाऱ्या जवळच्या किमतीकडे वळवून थेट पुढच्या दिवसाच्या बारा वाजता नेऊन ठेवतो. जाऊ द्या, लहान-चिन्ह वापरा.

कॉलममधून वेळ काढून टाकूनही तुलना करता येते: मायएसक्यूएल आणि एसक्यूएलाइटमध्ये डेट(दिनांक), ओरॅकलमध्ये ट्रंक(दिनांक), एसक्यूएल सर्व्हरमध्ये कास्ट. उत्तर बरोबर येतं, पण कॉलमवर असं फंक्शन चढवलं की बहुतेक वेळा डेटाबेसला त्याचा इंडेक्स वापरता येत नाही आणि लाखो ओळी एकेक करून तपासाव्या लागतात. पाचशे अर्जांच्या टेबलला फरक पडणार नाही.

आणखी एक गप्प बसणारी गोष्ट म्हणजे नल. तारीख भरलेलीच नसेल तर ती ओळ "मोठी" मध्येही येत नाही आणि "लहान किंवा बरोबर" मध्येही नाही. "= नल" लिहूनही ती सापडत नाही, "इज नल" लिहावं लागतं.

आज, आणि गेले सात दिवस

इंटरनेटवरून उचललेली क्वेरी इथे हमखास मोडते, कारण "आज" म्हणायची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये नाऊ(), एसक्यूएल सर्व्हरमध्ये गेटडेट(), ओरॅकलमध्ये सिसडेट आणि त्याला कंस लावायचा नाही, एसक्यूएलाइटमध्ये डेट('नाऊ'). करंट_डेट मायएसक्यूएलमध्ये कंसासह चालतं, पोस्टग्रेसमध्ये कंस लावला की सिंटॅक्स एरर.

सात दिवस मागे जायचं तर मायएसक्यूएलमध्ये लिहितात नाऊ() - इंटरव्हल ७ डे. तेच पोस्टग्रेसमध्ये इंटरव्हल '७ डेज', कोट्ससकट. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटअ‍ॅड(डे, -७, गेटडेट()). ओरॅकलमध्ये सरळ सिसडेट - ७. एसक्यूएलाइटमध्ये डेट('नाऊ', '-७ डेज'). पाठ करायची गरज नाही. एररवर डोकं फोडण्याआधी आपण कुठला डेटाबेस वापरतोय आणि क्वेरी कुठल्या डेटाबेसची आहे, एवढं बघितलं तरी पुरे.

एसक्यूएलाइटचं "आज" हे यूटीसीप्रमाणे असतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. डेट('नाऊ', 'लोकलटाइम') लिहिलं की फोनच्या वेळेप्रमाणे येतं. क्लाउडवरचे सर्व्हरही बरेचदा यूटीसीवरच असतात. रात्री उशिरा टेस्टिंग करताना "आजचे अर्ज" रिकामे दिसले तर आधी घड्याळ बघा.

तुमच्या खिशातला डेटाबेस

अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत एसक्यूएलाइट आधीपासून असतो, आणि असंख्य अ‍ॅप्स आपला डेटा त्यात ठेवतात. सराव करायचा असेल तर अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये एसक्यूएलाइटचं पॅकेज टाकून फोनवरच सगळं करून बघता येतं. लॅपटॉप नाही म्हणून अडून राहू नका.

पण त्याची एक खोड माहीत हवी. एसक्यूएलाइटमध्ये तारीख असा वेगळा प्रकारच नाही. तारीख मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर आकडा म्हणून. मजकूर असेल तर तुलना शब्दकोशासारखी होते, डावीकडून एकेक अक्षर. '९/१/२०२४' हे '१५/०१/२०२४' पेक्षा मोठं ठरतं, कारण ९ हे १ पेक्षा मोठं. वर्ष-महिना-दिवस लिहिलं तर ही शब्दकोशी तुलना आपोआप बरोबर येते, पण शून्य भरलेलं हवं. '२०२४-१-५' हे '२०२४-०१-१०' च्या नंतरचं ठरेल. इथे कुठलाच एरर येणार नाही.

आकडा असेल तर तो बहुधा १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद किंवा मिलिसेकंद. १५ जानेवारी २०२४ ची यूटीसी मध्यरात्र म्हणजे १७०५२७६८०० सेकंद. भारतातली मध्यरात्र साडेपाच तास आधी होते, म्हणून १७०५२५७०००. कॉलममध्ये १३ आकडी संख्या दिसली तर ते मिलिसेकंद, जावा आणि कॉटलिनची सवय. अँड्रॉइडच्या एसएमएसच्या तारखाही तशाच असतात. १३ आकडी कॉलमची तुलना १० आकडी सेकंदांशी केली तर सगळे मेसेज "नंतरचे" निघतात.

अ‍ॅपच्या कोडमधून क्वेरी पाठवताना

कोडमध्ये क्वेरीचा मजकूर आणि तारीख अधिक-चिन्हाने जोडणं हे या सगळ्या एररचं आगर आहे. कोट राहतो, जागा सुटते, फॉरमॅट युजरच्या फोनच्या भाषेप्रमाणे बदलतो. शिवाय एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडं. तारखेच्या जागी फक्त खूण ठेवायची आणि किंमत वेगळी पाठवायची. पायथनच्या एसक्यूएलाइट मॉड्यूलमध्ये ती खूण प्रश्नचिन्ह असते, अँड्रॉइडच्या रूममध्ये कोलन आणि पॅरामीटरचं नाव:

व्हेअर दिनांक >= :पासून अँड दिनांक < :पर्यंत

या खुणेभोवती कोट्स लावायचे नाहीत. '?' असं लिहिलं की ते नुसतं प्रश्नचिन्हाचं अक्षर होतं, आणि पायथन सांगतो की दिलेल्या किमतींची संख्या जुळत नाही. वर "तारखेला कोट्स लावा" म्हटलं, ते हाताने लिहिलेल्या तारखेसाठी. खुणेच्या जागी कोट्सची काळजी ड्रायव्हर घेतो.

जावास्क्रिप्टवाल्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. गेटमंथ() जानेवारीला ० देतो, त्यामुळे हाताने जोडलेली तारीख '२०२४-०-१५' होते. त्यात १ मिळवायचा आणि पुढे शून्य भरायचं. आणि टूआयएसओस्ट्रिंग() यूटीसीमध्ये उत्तर देतो, म्हणून १५ तारखेच्या पहाटे चार वाजता कापून घेतलेली तारीख १४ निघते.